बाग ६० वर्षांची, वेली १४ वर्षांच्या

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्या घरची बाग नक्की कोण सांभाळतं, ते लिहून पाठवा आणि काही अडचण असेल तर तीही विचारा. पत्रं भरपूर आली, बहुतेक आपल्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ आणि जतकडची. औषधांचे आणि खतांचे प्रश्न आपण दर महिन्याला घेतोच, यावेळी ते बाजूला ठेवलेत. माणसांबद्दल विचारलेलं तेवढंच घेतलंय. नावं कुणाचीच छापत नाही, गाव किंवा तालुका पुरे.

प्रश्न: मी सावळजचा, सध्या नोकरीला पुण्यात. घरी सगळे सांगतात आपली द्राक्षबाग ६० वर्षांची आहे. दिवाळीला गेलो तेव्हा काकांना सहज विचारलं तर ते म्हणाले या वेली १४ वर्षांच्या आहेत आणि आता एक-दोन वर्षांत काढायच्यात. मग ६० वर्षांचं आमच्याकडं नक्की काय आहे?

तुमचे काका पण बरोबर आहेत आणि घरचे पण. आंबा, चिंच, फणस आजोबानं लावला की नातू खातो, द्राक्षाचं तसं नाही. आपल्याकडं कलमी वेल साधारण १२ ते १५ वर्षं चांगला माल देते, मग खोडात वाळका भाग वाढत जातो, खोडकिडा लागतो, घडांचा आकार कमी होतो आणि खर्च तेवढाच राहतो, म्हणून बाग काढून परत लावावी लागते. म्हणजे ६० वर्षांत तुमच्या घरानं तीन-चार वेळा तरी बाग मुळापासनं उपटून नवी उभी केली असणार. प्रत्येक वेळी कर्ज काढलं असणार, प्रत्येक वेळी दोन वर्षं बिनमालाची काढली असणार, आणि घरात कुणीतरी म्हणालं असणार की आता बास, ऊस लावूया. तरी परत द्राक्षच लावलं. तुमच्याकडं ६० वर्षांचं काय आहे म्हणता, तर हा निर्णय आहे, परत परत घेतलेला.

आता तो प्रत्येक वेळी वेगळ्या कारणानं घेतला गेलाय, ते घरात बसून विचारून घ्या. आजोबांच्या काळात बियांच्या जाती होत्या, अनाबेशाही, चिमासाहेबी, भोकरी असल्या. मग बिनबियांची थॉमसन सीडलेस आली आणि सगळं बदललं. त्यानंतर आपल्याच तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेत एक वेगळी वेल हेरली आणि त्यातनं तास-ए-गणेश ही जात उभी राहिली, तिकडं सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या नानासाहेब काळेंनी सोनाका आणि शरद सीडलेस दिली. या जाती रोज बागेत फिरणाऱ्या शेतकऱ्यांच्या नजरेतनं आल्या, हे मला आपल्या भागाचं सगळ्यात मोठं धन वाटतं आणि ते पोरांना शाळेत कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं. पुढं ९० च्या दशकात क्षार आणि पाण्याची टंचाई यामुळं स्वमुळावरच्या, म्हणजे कलम न केलेल्या बागा दमायला लागल्या, तेव्हा डॉगरीज या टणक जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या भागावर कलम करायची पद्धत रुळली. खुंट फेब्रुवारी-मार्चमध्ये लावायचा आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच्यावर कलम भरायचं, असं करत बाग उभी करायची. तुमच्या वडिलांच्या पिढीनं हे शिकून घेतलं, त्यांच्या आधी घरात कुणाला माहीत नव्हतं.

आणि पाणी. सावळजचे आहात म्हणजे सांगायची गरज नाही, पण पुण्यात राहून विसरायला होतं म्हणून लिहिते. २००३ च्या दुष्काळात आणि परत २०१२-१३ ला आपल्या पूर्व भागात लोकांनी टँकरनं पाणी विकत आणून बागा जगवल्या. माल घ्यायचा प्रश्नच नव्हता, फक्त वेल मरू नये म्हणून झाडाच्या बुडाला मोजून पाणी. त्या वर्षी घरात कुणाचे दागिने गेले, कुणाची शाळा बदलली, कुणाचं लग्न पुढं ढकललं हे विचारा. एवढं एक काम कराच, काकांना आणि आजीला वेगवेगळं बसवून मोबाईलवर रेकॉर्ड करा, एकत्र बसवलं तर आजी बोलणार नाही. जुन्या मंडपाचे दगडी खांब अजून बांधाला पडलेले असतील तर ते कधीचे, कुठल्या खाणीतले, कुणी उभे केले ते पण विचारा. आणि काका वेली काढणार आहेत त्या आठवड्यात रजा टाकून जा, मदतीला म्हणून जा, फोटो काढायला नको.

प्रश्न: मी मणेराजुरीची सून. लग्नाला बरीच वर्षं झाली. फवारणीची वही मी लिहिते, बायकांची हजेरी मी ठेवते, डिपिंगला (घड औषधात बुडवायला), विरळणीला मी त्यांच्याबरोबर उभी असते, बेदाण्याच्या शेडवर राखणीला पण मीच. पण छाटणी कधी धरायची, माल व्यापाऱ्याला द्यायचा का बेदाणा करायचा हे सोप्यात पुरुष ठरवतात आणि मला चहा घेऊन गेल्यावर कळतं. सातबारा उताऱ्यावर सासऱ्यांचं एकट्याचं नाव आहे. माझं नाव लागू शकतं का, आणि मागितलं तर घरात भांडण होईल का?

ताई, तुमचं पत्र सगळ्यात आधी वाचलं आणि सगळ्यात शेवटी उत्तर लिहायला घेतलं, कारण नीट लिहायचं होतं.

आधी कागदाचं. जमीन सासऱ्यांच्या एकट्याच्या नावावर आहे तोवर तुमचं नाव थेट लागत नाही. सुनेला सासऱ्याच्या जमिनीत जन्मानं हक्क नसतो. जमीन वडिलोपार्जित असेल तर तुमच्या मिस्टरांना त्यात जन्मानं वाटा आहे, आणि तेवढाच त्यांच्या बहिणीला पण आहे, हे स्पष्ट लिहिते कारण बऱ्याच घरांत नणंदेला गृहीत धरून हक्कसोडीवर सही घेतात. २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना मुलाएवढा वाटा दिला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं विनिता शर्मा खटल्यात सांगितलं की वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही. तुम्हाला स्वतःला नाव हवंय तर नणंदेचं नाव पुसून नको, एवढं मी म्हणेन.

सगळ्यांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं वाटपाचा अर्ज करता येतो. वाटप झालं, फेरफार मंजूर झाला आणि मिस्टरांच्या नावावर त्यांचा हिस्सा आला की मग ते स्वतः अर्ज करून तुमचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतात. त्याला लक्ष्मीमुक्ती म्हणतात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं हा विषय गावोगाव नेला, हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली आणि १९९२ मध्ये सरकारनं त्याचा निर्णय काढला. तलाठी कार्यालयात हे नाव घेऊन विचारा, अर्ज नवऱ्याचाच लागतो. आणि हे फक्त मानापानाचं नाही, आता योजनांना फार्मर आयडी मागतात आणि तो उताऱ्यावर नाव असलेल्यालाच निघतो. उद्या काही बरंवाईट झालं तर बागेत रोज राबणारी बाई कागदावर कोणीच नसते, मग पीककर्ज, विमा, भरपाई सगळीकडं हेलपाटे.

वाटपाला अजून वेळ असेल तर तोवर जे हातात आहे ते करा. बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवता त्याच्या पावत्या कुणाच्या नावावर आहेत बघा, निम्मा माल तुमच्या नावानं ठेवायला कुणाची हरकत नसावी. व्यापाऱ्याची पट्टी, म्हणजे मालाच्या हिशेबाची पावती, घरात आली की तिचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये पाहिजे. दलाल माल उचलून पैसे न देता गेल्याच्या गोष्टी आपल्या भागात दर हंगामाला ऐकू येतात, तेव्हा कागद ज्याच्याकडं असतो तोच काहीतरी करू शकतो.

आता तुमच्या वहीबद्दल. तुम्ही ‘फवारणीची वही मी लिहिते’ असं अर्ध्या ओळीत लिहून पुढं गेलात, पण त्या वहीवर आख्खी निर्यात उभी आहे. कुठलं औषध, किती, कधी, शेवटची फवारणी आणि काढणी यात किती दिवस, हे सगळं ग्रेपनेटला, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी नोंदणीत, नोंद केलेल्या बागेत दाखवावं लागतं. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट या वाढ रोखायच्या औषधाचा अंश सापडला म्हणून कंटेनर अडकले होते, ज्यांनी अनुभवलं त्यांना विचारा काय हाल झाले. घरातली सगळ्यात महत्त्वाची नोंद तुमच्या हातात आहे. म्हणून छाटणी ठरवायला बसतील तेव्हा वही घेऊन बसा, चहा दुसरं कुणीतरी ठेवेल. मागच्या वर्षी अमुक प्लॉट अमुक तारखेला धरला, डाऊनी म्हणजे केवड्याला एवढ्या फवारण्या गेल्या, पाऊस या या दिवशी झाला, माल इतका निघाला. एकदा हे वाचून दाखवा. मत विचारत नाहीत पण आकडा ऐकतात, निदान माझा तरी सासरघरांचा हाच अनुभव आहे.

भांडण होईल का? होईल थोडं. नावाची गोष्ट निघाली की घरात शांतता राहत नाही. पण सासरे हयात आहेत, बोलू शकतात, तेव्हाचं भांडण बसून मिटतं, नंतरचं कोर्टात जातं. पहिल्यांदा मिस्टरांशी बोला, सासूबाईंना बाजूला ठेवू नका. मंडपाखाली दिवसभर हात वर करून एक एक घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाच्या मगात बुडवायचा, मान आखडलेली, खांद्यातनं कळा, कोपरापर्यंत औषध ओघळलेलं, हे त्यांनी पण केलंय आणि त्यांचंही नाव कुठं लागलेलं नाही. त्यांचं नाव आधी लावा असं तुम्हीच सुचवलंत तर त्याला नाही म्हणणं सगळ्यांना जड जाईल.

प्रश्न: मी जत पूर्व भागातला. आमची टोळी दरवर्षी मिरज, तासगावला छाटणी आणि पेस्टला येते, आधी वडील यायचे. पेस्टच्या दिवसांत संध्याकाळी थोडी घेतली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, एकाला तर दवाखान्यात न्यावं लागलं. मालक म्हणतात उन्हानं होतंय. खरं काय?

उन्हानं नाही होत. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून जी पेस्ट लावता त्यात हायड्रोजन सायनामाईड असतं. ते कातडीतनं आणि श्वासातनं अंगात जातं आणि अंगात असताना दारू पोटात गेली की शरीराला दारू पचवता येत नाही, त्यातनं तयार होणारं विष साठत जातं. तोंड-मान लाल होणं, धडधड, चक्कर, उलटी, बीपी उतरणं ही त्याचीच लक्षणं आहेत आणि जीवावर बेतू शकतं. म्हणून पेस्टच्या आदल्या दिवसापासनं ते काम संपल्यावर पुढं आठवडाभर दारूचा थेंब पण नको, टोळीच्या मुकादमानं ही गोष्ट सगळ्यांना आधीच सांगायला हवी. तसं झालंच तर बाटलीचं लेबल बरोबर घेऊन सरळ दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना पेस्ट आणि दारू दोन्ही सांगा, लाजून दारू लपवू नका.

हातमोजे रबरी, लांब, न फाटलेले, डोळ्याला चष्मा, अंगभर कपडे, आणि जेवायच्या आधी साबणानं हात. हे द्यायचं काम मालकाचं आहे. बागायतदार वाचकांना कळकळीनं सांगते, पेस्टचं औषध आणता त्याच बिलात हातमोज्यांचे जोड आणा. ज्या टोळीचे वडील तुमच्या वडिलांच्या बागेत येत होते ती टोळी पण त्याच बागेची पिढी आहे. कुठल्या वेलीला किती डोळे ठेवायचे हे त्या पोरांच्या हाताला माहीत असतं आणि ते गेले की नव्या टोळीला शिकवता शिकवता एक हंगाम जातो.

प्रश्न: कवठेमहांकाळ तालुक्यातनं लिहितोय. ३० वर्षं बाग करतोय, पान बघितलं की डाऊनी येणार का नाही ते सांगतो. मुलगा ॲग्री झालाय, बागेत हवामानाचं यंत्र बसवलंय आणि मोबाईलवर सल्ला येईल तसा फवारतो. मी सांगितलेलं ऐकत नाही. कुणाचं खरं धरायचं?

दादा, रागावू नका पण यात दोघांचं थोडं थोडं खरं आहे. पानावर वरनं तेलकट पिवळा डाग आणि खालनं पांढरी लव तुम्हाला दिसते, तेव्हा डाऊनी आत जाऊन काही दिवस झालेले असतात. यंत्र पान किती तास ओलं राहिलं ते मोजतं, म्हणून ते डाग पडायच्या आधी बोलतं, फुलोऱ्याच्या वेळी हे चार दिवस लाखमोलाचे आहेत. पण यंत्र बसवलंय एका जागी. विहिरीकडच्या सखल कोपऱ्यात दहा वाजेपर्यंत दव सुटत नाही, किंवा ओढ्याच्या बाजूच्या ओळी दाट होतात आणि पहिला डाग तिथंच पडतो, हे यंत्राला कुठनं कळणार, ते ३० वर्षं सकाळी बागेत फिरणाऱ्यालाच माहीत. मुलाला घेऊन एक चक्कर मारा आणि अशा जागा त्याला दाखवा, तो मोबाईलमध्ये खूण करून ठेवील.

आणि एक, हवामान तुमच्या ३० वर्षांतलं राहिलेलं नाही हे मान्य करावं लागेल. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, त्याला ऊन लागतं. २०२५ ला मे महिन्यातच पाऊस बसला, आभाळ हटलं नाही, आणि ऑक्टोबरला छाटल्यावर घडच कमी निघाले, खुरटे गोळी घड निघाले, काहींचं घडाऐवजी नुसतं बाळीवर (तणाव्यावर) गेलं. त्या वर्षी अनुभवी माणसांचे पण अंदाज चुकले आणि मोबाईलवाल्यांचे पण. काडी तपासून मग छाटणी धरायची सवय दोघांनी मिळून लावून घ्या, छाटणीआधी काडीचे नमुने लॅबला देऊन डोळ्यात घड आहे का बघता येतं.

पण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न फवारणीचा नाहीच. मुलाला एक प्लॉट पूर्ण द्या. पूर्ण म्हणजे छाटणीची तारीख त्याची, औषधाचं बिल त्याच्या खात्यातनं, पट्टी पण त्याच्या खात्यात, आणि तोटा झाला तर तो पण त्याचा. बांधावर उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत. बऱ्याच घरांत बघते, पोरगा चाळिशीला येतो तरी औषधाच्या दुकानात उधारी वडिलांच्या नावावर आणि लग्नाला पोरगी बघायला गेलं की म्हणायचं बाग त्याचीच आहे. पोरी आता हे विचारतात, आणि योग्यच विचारतात.

प्रश्न: आटपाडी. तेल्या रोगानं आमची डाळिंबाची बाग गेली, ती वडिलांनी लावली होती. मी परत डाळिंबच, भगवा जातीचं, लावायचं म्हणतोय, वडील नको म्हणतात, त्या रानाकडं जात पण नाहीत. काय करू?

त्याच रानात लगेच लावू नका, वडिलांसाठी पण आणि रोगासाठी पण. जुनी झाडं मुळासकट काढून जाळा, पाला-फांद्या बांधाला पडू देऊ नका, एक-दोन वर्षं दुसरं पीक घ्या. रोपं स्वस्त मिळतायत म्हणून ओळखीतल्या बागेतनं गुट्या (फांदीवरच मुळं फोडून केलेली रोपं) आणू नका, तेल्या बऱ्याचदा रोपांबरोबरच येतो, खात्रीच्या नर्सरीतनं किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या सल्ल्यानं घ्या. पावसाळ्यात येणारा मृग बहार टाळून सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त किंवा जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे बहार धरलात तर तेल्याचा जोर कमी राहतो. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलंय म्हणून मृग धरायचा मोह होईल, नका धरू. वडिलांना लावणीला या म्हणून आग्रह करू नका, पण खड्डे कुठल्या रानात काढायचे ते त्यांनाच विचारा. खालची माती त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे आणि विचारलं तर ते सांगतील.